शांतवर ठेवलेला पंखा

देविदास येरगुडे ज्या दिवशी 'मले'ऐवजी 'मला' म्हणाले, त्या दिवशी ज्योत्स्नाबाईंनी शिरा केला.

अडतीस वर्षांच्या संसारात या एका शब्दासाठी त्यांनी जंग जंग पछाडलं होतं. बाई मराठीच्या शिक्षिका. चंद्रपुरातल्या, म्हणजे जुन्या चांद्यातल्या, दोन पिढ्यांचं 'मले-तुले' त्यांनी लाल शाईनं 'मला-तुला' केलं होतं. त्यांचं स्वतःचं माहेर वरोऱ्याचं, आई जन्मभर 'मले'च म्हणाली; पण डी.एड.ला गेल्यावर बाईंनी ती बोली जी उतरवून ठेवली ती कायमची. नवऱ्यापुढे मात्र त्यांनी हात टेकले होते. देविदासराव वीज केंद्रात बॉयलरवर होते. "मले असंच येते, मास्तरीणबाई. तुले समजते ना? मंग झालं तं," असं म्हणून ते विषय संपवत.

आणि आता, वयाच्या सत्तराव्या वर्षी, पलंगावर पडल्या पडल्या ते म्हणाले होते, "मला भूक नाही. तू जेवून घे."

'म्हणाले' हा शब्द जरा सैल वापरला. देविदासरावांच्या तोंडून दीड वर्षात एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. पक्षाघातानं उजवी बाजू गेली, जीभ गेली, डावा हातही उचलेना. डोळ्यांनी हो-नाही सांगायची युक्ती डॉक्टरांनी करून पाहिली, पण पापण्या आपोआप मिटायच्या, त्यामुळे होकार कुठला आणि डुलकी कुठली हे कळायचं नाही. बोलत होती ती पलंगाशेजारच्या स्टुलावरची, पोळ्यांच्या डब्याएवढी एक पेटी.

माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदू जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. देविदासरावांचे हुकूम सुटत होते, फक्त पोचत नव्हते. कवटीखाली बसवलेली एक पातळ जाळी ते हुकूम टिपायची आणि पेटीतला प्रोसेसर त्यांचे शब्द जुळवायचा. हा हुकूम वीस हजार शब्दांपैकी कुठल्या शब्दाचा, हे त्याला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात ठरवावं लागे. पेटीला मुळात मराठी शिकवली होती ती पुण्या-मुंबईच्या हजारो आवाजांवरून. घरी आल्यावर तिनं दोन महिने देविदासरावांचा सराव केला. त्यांचं 'हाव', त्यांचं 'काहून', त्यांच्या शिव्या, सगळं शिकली. घरातल्या एका लग्नाच्या जुन्या व्हिडिओवरून तिनं त्यांचा आवाजसुद्धा उचलला. मेंदूतलं काहीही घराबाहेर पाठवायचं नाही असा कायदा झाला असल्यामुळे हा सगळा कारभार त्या डब्यातच चालायचा. एवढं काम एवढ्याशा डब्यात म्हटल्यावर तो तापायचा, आणि तापायचा म्हणून त्यात पंखा होता.

त्या पंख्यानं ज्योत्स्नाबाईंचा जीव नकोसा केला होता.

पंखा आपोआप चालायचा. प्रोसेसरच्या आत उष्णता मोजणारा एक बारीकसा भाग होता. तो पन्नास अंश म्हणाला की पंखा कुजबुजायचा, सत्तरला घोंघावायचा आणि पंच्याऐंशीला मिक्सरसारखा ओरडायचा. त्यात मे महिना. बाहेर सत्तेचाळीस, कूलर लावलेल्या खोलीत छत्तीस. म्हणजे बिचारा गार करायला जी हवा ओढायचा तीच गरम. पण बाईंना खरी धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. देविदासराव स्वस्थ असले की पंखा मंद असायचा. ते बोलायला लागले, शब्द सापडेना, चिडले, की प्रोसेसरचं काम वाढायचं आणि पंखा चढायचा. हातातली पळी टाकून बाई धावायच्या. "काय झालं? दुखतंय का कुठे? श्वास लागतोय का?"

"काई नाई," पेटी म्हणायची. "तुह्या भावाची आठवण आली. संताप आला, दुसरं काय!"

असं दिवसातून दहा वेळा.

मग एके दिवशी पुण्याहून सारंगचा, त्यांच्या मुलाचा, व्हिडिओ कॉल आला. "आई, तो पंखा बंद कर ना. बाबा काय म्हणतायत, एक शब्द ऐकू येत नाही." बाईंनी फोनवर पेटीचं सेटिंग उघडलं. पंख्याच्या वेगाला तीन पर्याय होते: पूर्ण, आपोआप, शांत. 'शांत'खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पंख्याचा वेग चाळीस टक्क्यांच्या वर जाणार नाही. कामगिरीत फरक पडू शकतो.' कामगिरी म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे सीमेवरचे जवान आले, पलंगावरचा नवरा आला नाही. त्यांनी 'शांत'वर बोट ठेवलं. कॉल संपला की परत पूर्वीसारखं करू, असं मनात होतं.

पण त्या दुपारी घरात इतकं निवांत वाटलं की त्यांचं बोट काही सेटिंगकडे गेलं नाही.

आणि नवरासुद्धा निवला. आधी आमटीचा पहिला चमचा तोंडात गेला की "हे काय पाणी केलं?" व्हायचं. आता, "आमटी छान झाली आहे." कूस बदलताना "हळू ना वं!" नाही, "चालेल, बरं वाटतंय." शेजारच्या बाई म्हणाल्या, साहेब अगदी शुद्ध बोलायला लागले हो. सारंग म्हणाला, पेटी शिकतेय आई, असंच सुधारत जाणार. बोलणं झालं की देविदासराव डोळे मिटून घ्यायचे. बाईंना वाटायचं, समाधानानं मिटतात.

एका मंगळवारी, भाताचा घास भरवता भरवता, त्यांनी धीर करून विचारलं, "मी तुम्हाला नीट सांभाळते ना हो?"

थोड्या वेळानं पेटी देविदासरावांच्या आवाजात म्हणाली, "हो. तू खूप चांगली आहेस."

अडतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि पोटभर रडल्या.

त्याच आठवड्यात सारंगनं पुण्याच्या निवासी केंद्राची गोष्ट काढली. बाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. देविदासरावांना उचलताना एकदा त्या स्वतःच पलंगाशेजारी खाली बसल्या होत्या आणि तासभर उठता आलं नव्हतं. केंद्रात बाबांना चोवीस तास माणसं मिळतील, आई माझ्याकडे राहील, दर रविवारी भेटायला जाईल, असा सारंगचा बेत होता. मुलगा वाईट नव्हता. आईचा चेहरा पाहून त्याला झोप येत नव्हती, एवढंच.

पेटीतून बोलणाऱ्या माणसाची संमती तीन प्रश्न विचारून नोंदवायची असा नियम होता. संमती कार्यालयातल्या अधिकारी बाई स्क्रीनवर आल्या.

"तुम्हाला पुण्याच्या केंद्रात राहायला जायचं आहे का?"

"हो."

"हा निर्णय तुमचा स्वतःचा आहे ना?"

"हो. बरं होईल."

"हा निर्णय बदलायचा असेल तर आत्ता सांगा."

या वेळी उत्तराला उशीर लागला. पंखा आहे त्याच संथ लयीत फिरत होता. मग पेटी म्हणाली, "राहू दे."

अधिकारी बाई हसल्या. सारंग हसला. ज्योत्स्नाबाईंनीही पदर तोंडाला लावला. मराठी माणूस नको ती भानगड टाळताना जे म्हणतो तेच देविदासराव म्हणाले होते. रुग्णवाहिका पुढच्या गुरुवारी सकाळी सातला येणार असं ठरलं.

बुधवारी दुपारी बाराला सुनीता कोवे आली. शहरात या पेट्यांची दुरुस्ती करणारी ती एकटीच, चाळिशीची, कामाला चोख बाई. प्रवासाआधी पेटी तपासून दाखला द्यायचा होता. तिनं पेटीवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"मॅडम, याच्यावर पोळी भाजता येईल! शांतवर काहून ठेवलं हे?"

"आवाज होत नाही ना," बाई म्हणाल्या. "आणि बोलतातही छान."

सुनीतानं टॅब्लेट जोडला. सतरा दिवस पेटी पंच्याण्णव अंशांवर होती. ती स्टूल ओढून बसली.

"पंख्याले तुम्ही बांधून ठेवलं. मंग प्रोसेसर काय करन? जळायचं नसन तं हळू चालायचं. तो आपलाच वेग कमी करते, निम्म्याच्या खाली आणते. पण साहेबांचे शब्द तं त्याच वेगानं येऊन राहिले ना? तेवढ्या वेळात वीस हजार शब्द तपासणं होत नाही. मंग तो काम सोपं करते. पहिले तुमच्या घरची बोली सोडते, कारण ते वरून शिकवलेलं असते. मंग नेहमीच्या पाचशे शब्दांत पाहते. त्यातलं जवळपासचं, लोक जास्त वापरतात ते, ठेवून देते. कशातच बसलं नाही ते गाळते."

"म्हणजे चुकीचं बोलते?"

"गोड बोलते, मॅडम. माणसं दिवसभर सगळ्यात जास्त काय म्हणतात? हो. बरं. छान. चालेल."

बाई टॅब्लेटवर वाकल्या. "संमतीच्या दिवशीचं दिसतं का यात?"

दिसत होतं. पेटी प्रत्येक वाक्याची नोंद ठेवायची. नीट ओळखलेला शब्द काळा, अंदाजानं भरलेला राखाडी आणि गाळलेल्या शब्दाच्या जागी रिकामा चौकोन. पहिला 'हो' राखाडी. 'हो, बरं होईल' राखाडी. तिसऱ्या ओळीत आधी दोन रिकामे चौकोन, आणि मग काळेभोर, ठसठशीत दोन शब्द: राहू दे.

"हे दोन शब्द तेवढे साहेबांचे," सुनीता म्हणाली. "त्याच्या आधी काय होतं ते पेटीलेही माहीत नाही."

बाईंनी चौतीस वर्षं मुलांकडून गाळलेल्या जागा भरून घेतल्या होत्या. ही जागा त्यांच्या डोक्यात आपोआप भरली जाऊ लागली. 'आता ते राहू दे.' 'मले इथंच राहू दे.' दोन्ही वाक्यं व्याकरणात चोख बसत होती. एकाचा अर्थ होता मी जातो आणि दुसऱ्याचा, मला पाठवू नका.

मग त्यांनी टॅब्लेट स्वतःच्या हातात घेतला आणि मागे सरकवत सरकवत तो मंगळवार काढला. 'हो. तू खूप चांगली आहेस.' पाचही शब्द राखाडी. त्यांच्या आधी रिकाम्या चौकोनांची लांबलचक रांग. एवढा वेळ देविदासराव काहीतरी सांगत होते आणि त्यातलं एक अक्षर बाईंपर्यंत आलं नव्हतं. त्यांना इतकी लाज वाटली की सुनीताकडे बघवेना.

"आपोआपवर टाकू?" सुनीतानं विचारलं.

"राहू दे," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

सुनीतानं हात मागे घेतला. तिला जो अर्थ लागायचा तोच लागला. तिनं दाखल्यावर सही केली, पाणी प्याली आणि उन्हात निघून गेली.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. मनात नुसता गोंधळ उडाला होता. उद्या सकाळी सातला गाडी. कोणी काही केलं नाही, तर सगळं सुरळीत पार पडणार. स्ट्रेचर येईल, पेटी 'हो, बरं' म्हणेल, आणि त्या सारंगच्या घरी आठ तास सलग झोपतील. आठ तास! याचा विचार नुसता केला तरी गुडघ्यातली कळ कमी झाल्यासारखी वाटत होती. सही त्यांनी कुठे केली होती? तीन प्रश्न विचारणारं सरकार, उत्तर देणारी पेटी. त्यांना पेटीचा राग आला, सुनीताचा आला, सारंगचा आला. शेवटी ज्याच्यावर यायला हवा होता त्या माणसावर, म्हणजे स्वतःवर, आला.

त्यांनी फोनवर सेटिंग उघडलं आणि सतरा दिवसांपूर्वी जे नीट वाचलं नव्हतं ते आता पेपर तपासल्यासारखं ओळ न ओळ वाचलं. खाली एक आलेख होता. आडव्या रेषेवर उष्णता, उभ्या रेषेवर पंख्याचा वेग. 'आपोआप'ची रेषा उष्णतेबरोबर चढत वर जात होती. 'शांत'ची रेषा थोडी चढून जी आडवी झाली ती शेवटपर्यंत आडवीच. माणसानं कितीही आकांत केला तरी ती वर जाणार नव्हती. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पाचवीच्या मुलालाही कळलं असतं.

तीन वाजले. त्यांनी मान वर केली. देविदासराव त्यांच्याकडेच पाहत होते.

आणि तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं. नवऱ्याचे कान शाबूत होते. सुनीताचं सगळं बोलणं त्यांच्या उशाशीच झालं होतं. आपोआपवर टाकू का, हा प्रश्न त्यांनी ऐकला होता. आणि त्यांच्या बायकोनं दिलेलं उत्तरही.

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळून कानात जात होतं. ते पुसायला त्यांना हात नव्हता.

बाईंनी 'पूर्ण'वर बोट दाबलं.

पंखा आधी खरखरला, मग धूळ ओकत सुटला. स्टूल थरथरायला लागलं. फोनवरचा आकडा उतरू लागला. पंच्याण्णव, एक्याण्णव, चौऱ्याऐंशी. बाई पदरानं नवऱ्याचा कान पुसत होत्या आणि आकडा पाहत होत्या.

"किती?" पेटीतून आवाज आला.

"अहो, बहात्तर."

"थांब. साठ होऊ दे."

तीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस होता तो. साठ होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. नंतर बोलला.

"सतरा दिवस! सतरा दिवस मी बोंबलून राहिलो अन् हे पेटी माह्या आवाजात 'छान छान' करून राहिली. मी म्हणो आमटी खारट, ते म्हणे छान. मी म्हणो पंखा वाढव, ते म्हणे बरं. अन् तू हासून राहिली. शिरा केला तू, शिरा!"

"मला कळलं नाही हो."

"तुलेच कळाले पाहिजे होतं. मी कधी 'मला' म्हटलं का? जन्मात कधी?"

बाईंनी पलंगाची कड धरली. "तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"मले इथंच राहू दे."

"माझे गुडघे..." त्या म्हणाल्या. "मला आता खरंच होत नाही. रोज उठताना वाटतं, आज मी पडणार आणि तुम्ही वर, मी खाली, दोघंही तसेच राहणार."

फोनवरचा आकडा चढला. या वेळी बाई धावल्या नाहीत. त्या तिथेच उभ्या होत्या.

"दिसते ना मले. एखादी बाई ठेव मदतीले, हे मी किती वेळा म्हटलं, अन् पेटीनं किती वेळा गाळलं. पण पुण्याले नोको. तिथं माहं बोलणं कोणाले समजन? ही पेटी तिथं 'बरं, बरं' करत राहीन अन् ते लोक म्हणतीन, आजोबा किती गुणी!"

चार वाजून गेले होते. कार्यालय पाचला बंद होणार होतं. बाईंनी फोन लावला. अधिकारी बाई स्क्रीनवर यायला चार पस्तीस झाले.

"निर्णय बदलायचाय? बरं. पण मागे केवढा आवाज येतोय! नोंद स्पष्ट येत नाही. ते काय आहे ते जरा बंद करता का?"

"ते बंद केलं तर हे बोलणार नाहीत. पेटी बोलेल."

"मागच्या वेळी तर फार छान, स्पष्ट आलं होतं."

"म्हणूनच चुकलं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या आणि फोन पेटीच्या जाळीला टेकवून धरला.

"तुम्हाला पुण्याच्या केंद्रात जायचं आहे का?"

"नाई जात."

"'नाही', बरोबर? ठीक. हा निर्णय तुमचा स्वतःचा आहे ना?"

"हाव."

"कृपया हो किंवा नाही असं म्हणा."

"हाव म्हटलं ना!"

आकडा एकोणऐंशी झाला. नवरा संतापला की पेटी तापणार, तापली की सतरा दिवसांचं ते गोड बोलणं परत येणार, हे ज्योत्स्नाबाईंना दिसत होतं. "अहो, म्हणा ना एकदा हो," त्या कुजबुजल्या.

"हो मी म्हणतच नाई. हो ते पेटी म्हणते."

अधिकारी बाई गोंधळल्या. "बाई, माझ्या रकान्यात फक्त दोनच पर्याय आहेत."

"मॅडम," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गात निघायचा तसा निघाला, "मी चौतीस वर्षं मराठी शिकवली आहे. हाव म्हणजे हो. माझी आई हेच म्हणायची, मीही लहानपणी हेच म्हणत होते. तुम्ही 'हो'वर खूण करा आणि शेऱ्यात 'हाव' लिहा."

मग पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "लिहिलं. आता शेवटचं. हा निर्णय बदलायचा असेल तर आत्ता सांगा."

"मले इथंच राहू दे."

पंखा मिक्सरसारखा ओरडत होता. अधिकारी बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "राहू दे? म्हणजे पुण्याचं ठरलेलं तसंच राहू दे का?"

नातेवाइकानं उत्तर सुचवलं की अख्खी नोंद रद्द, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं; मघाची कुजबुज पंख्याच्या आवाजात बुडाली म्हणून निभावलं होतं. ज्योत्स्नाबाईंनी ओठ दातांत धरला. त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. पंखा त्याच्या पूर्ण वेगाला होता, याच्या वर त्याला जायला जागाच नव्हती. पंच्याऐंशी. देविदासराव गप्प होते. शब्द संपले, का गाळले गेले?

"इथं," पेटी म्हणाली. एकेक शब्द सुटा, मध्ये दम घेतल्यासारखा. "चांद्यात. माह्या घरात. हे बाई हाय तिथं."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला आणि परत लावला. "नोंद झाली," त्या म्हणाल्या. "चार वाजून बावन्न मिनिटं. उद्याची गाडी रद्द करते."

सारंगला बाईंनी दोन मिनिटांत सांगून टाकलं. तो म्हणाला, "आई, तुला झेपेल का?"

"नाही झेपणार," त्या म्हणाल्या. "मदतीला बाई बघ. उद्याच्या उद्या."

फोन ठेवून त्या पलंगाच्या कडेला बसल्या. गुडघे ठणकत होते आणि आता ते असेच ठणकत राहणार होते.

"कमी कर तो पंखा आता," देविदासराव म्हणाले. "डोस्कं उठलं."

बाईंनी आकडा पाहिला. सत्तर. हे बोलणं त्यांचंच होतं, शंका नव्हती. तरी बोट 'आपोआप'वर न्यायला त्यांना वेळ लागला. पंखा एकदम पडला नाही; आलेखात लिहिलं होतं तसा टप्प्याटप्प्यानं उतरला. बासष्ट. छप्पन्न. आता कूलरचं पाणी ठिबकलेलं ऐकू यायला लागलं. याच शांततेसाठी त्या मागे जीव टाकत होत्या, आणि आता ती होताच त्यांनी वळून पलंगाकडे पाहिलं.

देविदासरावांनी डोळे मिटले होते.

"अहो, बोला काहीतरी," त्या म्हणाल्या.

काही नाही. बाईंनी पेटीला हात लावून पाहिला. कोमट होती.

"पाणी दे," पेटी म्हणाली.

दोनच शब्द. पुण्यात असेच म्हणतात आणि चांद्यातही. बाईंनी पेला भरला, चमचा घेतला, पलंगापर्यंत आल्या आणि थबकल्या.

"कोणाला?" त्यांनी विचारलं.

देविदासरावांनी डोळे उघडले. बायकोच्या हातातला पेला पाहिला, तिचा चेहरा पाहिला. पंखा जरासा चढला.

"तुह्या बापाले," पेटी म्हणाली.

ज्योत्स्नाबाईंनी चमचा त्यांच्या ओठांशी नेला. अर्धं पाणी उशीवर सांडलं.